विहिरीच्या पाण्यात धुतलेला सिनेमा

मी आज जे काम करतो ते मला सगुण गावस यांनी दिले. त्यांना सिनेमातले काही कळत नव्हते. मी पुढे असा काही उद्योग करीन हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. डिचोलीजवळच्या एका लोखंडाच्या खाणीवर ते पंप ऑपरेटर होते आणि मुळगावात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहत. मूळचे दोडामार्गकडचे. आम्ही त्यांना सगुणकाका म्हणतो. संपादकांनी ‘तुमच्या कामातले अनुभव लिहा’ असे कळवले तेव्हा पहिले नाव त्यांचेच सुचले, आणि तेच लिहिताना हात अडखळला. का, ते पुढे येईलच.

आधी माझे काम सांगतो. मी सिनेमे करतो, पण ज्यांत गोष्ट नसते असे. नायक नाही, खलनायक नाही, शेवटी कोणी कोणाला मिळत नाही. शेजारणी आईला विचारतात, “दिगूच्या पिक्चरात हिरॉयन कोण गो?” आई भाजी चिरता चिरता सांगते, “हिरॉयन ना. उदक आसा.” हिरॉइन नाही, पाणी आहे. याहून चांगले वर्णन मला अजून कोणी करून दिलेले नाही.

दुपारच्या बसमध्ये डोळा लागता लागता खिडकीबाहेरचे शेत, विजेची तार, एखाद्या तळीची चमक जशी दिसते, तसे दाखवायचा आमचा प्रयत्न असतो. त्या वेळी आपण ‘आता पुढे काय’ असे विचारत नाही. नुसते बघतो. एका जागेवर, एका उजेडावर किंवा एका माणसावर कॅमेरा इतका वेळ थांबवायचा की बघणाऱ्याच्या मनातली घाई हळूहळू खाली बसावी. काहींची बसते. काही लोक उठून जातात. जाणाऱ्यांचा मला राग येत नाही, कारण माझे बाबाही माझ्या पहिल्या सिनेमात दहाव्या मिनिटाला घोरू लागले होते आणि नंतर म्हणाले, “बरी न्हीद पडली रे.” ते मनापासून म्हणाले होते.

बाबा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. मी बारावी पास झालो तेव्हा आमच्या घरात इतके शिकलेले कोणी नव्हते, त्यामुळे त्यापुढे काय असते हेही कोणाला ठाऊक नव्हते. एका ओळखीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून माझी जागा ठरली. तेव्हा सगुणकाका एका सकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसले आणि बाबांना म्हणाले, “शांताराम, ह्येका आठ दिस माझ्याकडे दी. मगे ट्रकार चढव.”

खाण खोल जाते तशी ती जमिनीतल्या पाण्याच्याही खाली जाते. मग ते पाणी सतत उपसावे लागते, नाहीतर खाणीचे तळे होते. काकांचे काम त्या पंपाशेजारी बसायचे. लाल पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या त्या प्रचंड खड्ड्याच्या तळाशी, पत्र्याच्या आडोशाला, मी आठ दिवस त्यांच्याजवळ बसलो.

“डोळे मीट,” ते पहिल्या दिवशी म्हणाले. “काय आयकतंस?”

“पंप.”

“पंप बहिऱ्याकपण आयकाक येता. पंपाच्या आत काय ता सांग.”

तिसऱ्या दिवशी मला पाइपातले पाणी वेगळे ऐकू आले. पाचव्या दिवशी आणखी काही आले. पाणी तळाला गेले की पंप वारा गिळू लागतो, आणि त्याच्या थोडे आधी त्याचा आवाज किंचित पातळ होतो. मी डोळे न उघडता हात वर केला. काका उठून गेले, झडप फिरवून आले आणि त्यांनी आपल्या डब्यातला अर्धा उंडा माझ्या हातावर ठेवला. उंडा म्हणजे आमच्याकडचा गोल पाव. तो मी आजही कोणत्याही बक्षिसाच्या वर धरतो.

आठव्या संध्याकाळी ते बाबांना म्हणाले, “हो ट्रकार नको. ह्येचा ध्यान लागता. असो माणूस ट्रकार बसलो तर ट्रक व्हाळात जातलो. कॉलेजात घाल.”

प्रवेशाच्या दिवशी बाबा ट्रिपवर होते. काका रजा काढून माझ्याबरोबर बसने आले. कारकुनाने विचारले, “तुम्ही विद्यार्थ्याचे कोण?”

“शेजारी.”

“शेजारी चालत नाही. पालक लागतो.”

“तर मगे पालक लिवा,” काका म्हणाले, आणि एकेक अक्षर सुटे काढत त्यांनी सही केली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. ती सही माझ्या कागदांत अजून आहे.

पदवीनंतर मी पेडण्यात लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका स्टुडिओत लागलो. तिथे एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मंडपाचा एक पडदा वाऱ्याने फुगून परत बसत होता. त्यामागून उजेड येत होता आणि आत बायकांच्या सावल्या फिरत होत्या. मला तो श्वास घेतल्यासारखा वाटला. मी तो पूर्ण चार मिनिटे ठेवला. आठवड्याने मुलीचे वडील सीडी घेऊन आले.

“मिनिटां मोजलंय मी. चार. चार मिनिटां पडदो हालता. माझ्या चेडवाचा मंगळसूत्र खंय?”

“आहे, त्याच्या पुढे.”

“फुडे आसा, पण कितला? इतक्यासा. लगीन चेडवाचा होता काय पडद्याचा?”

मालकांनी मला ते पुन्हा जोडायला लावले. पण त्या गृहस्थांनी पहिली सीडी पुरावा म्हणून जपली आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती चार मिनिटे दाखवून आपले दुःख सांगू लागले. त्यांच्याकडे एकदा इरावतीबाई आल्या. पुण्याच्या. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या रांगेशेवटी एक रिकामी शेड घेऊन त्या बिनगोष्टीचे सिनेमे करत. गृहस्थ तक्रार सांगत राहिले, बाई पडदा बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “हे कोणी काढले?” गृहस्थांना वाटले, चला, कोणीतरी आपल्या बाजूने माझे कान उपटणार. त्यांनी आनंदाने पत्ता दिला.

त्या शेडमध्ये मी अकरा वर्षे शिकलो. इरावतीबाई अजूनही खऱ्या फिल्मवर काम करतात. त्यांच्या कॅमेऱ्याला बॅटरी नाही. चावी भरायची, की तो पंचवीस सेकंद चालतो आणि थांबतो. म्हणून आधी खूप वेळ नुसते बघायचे आणि मग चावी भरायची. नंतर अंधारात फिल्म धुवायची. बाहेरच्यांना हे खोटे वाटते, पण आमच्याकडे ती कॉफीत धुतात. साधी इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड. त्यातून चित्र उमटते. मग ते पक्के करणारे औषध, आणि मग पाणी, खूप पाणी. बाईंचे दोन नियम होते. पाणी बाटलीचे किंवा नीट गाळलेले. आणि ओल्या फिल्मला हात लावायचा नाही. “तिचे कातडे तान्ह्या बाळाच्या टाळूसारखे असते, दिगंबर. वाळेपर्यंत ती आपली नाही.”

मी हे दोन्ही नियम एकाच दिवशी मोडले.

त्यासाठी विहिरीचे सांगायला हवे. खाणीतला पंप चालू असला की आसपासच्या विहिरी आटतात. मुळगावात आमची विहीर, आम्ही बांय म्हणतो, ती माझ्या लहानपणीच कोरडी पडली होती. गावात टँकर येई. सगुणकाकांना कोणी कधी बोलले नाही. पंप कंपनीचा, हुकूम कंपनीचा. पण टँकर आला की काका आपली कळशी सगळ्यांच्या शेवटी लावत, आणि कधी कधी पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

पुढे खाण बंद झाली, पंप थांबले. खड्डा हळूहळू भरत गेला आणि तिथे एक हिरवे, गप्प तळे झाले. दोन पावसाळ्यांनंतर एका सकाळी आमच्या बांयत पाणी दिसले. तांबूस, पण पाणी. आईने काठाला हळदकुंकू लावले, नारळ वाढवला आणि शेजारी हाक मारली, “सगुणभाव, पयली कळशी तुमी काडात.”

काका दारात आले. बांयकडे बघितले. “नको गो. माझो हात नको,” असे म्हणून आत गेले. त्यानंतर काही महिन्यांनी ते सामान बांधून मुलाकडे गावी राहायला गेले. अधूनमधून रविवारी बसने आमच्याकडे येत. चहा पीत, पण बांयच्या बाजूला फिरकत नसत.

मी माझा स्वतःचा पहिला मोठा सिनेमा त्यांच्यावर करायचे ठरवले. पाण्याने भरलेली खाण आणि काठावर बसलेला पंप ऑपरेटर, एवढेच. आम्ही परवानगी घेऊन काठावर एक जुनी लाकडी खुर्ची ठेवली. काका टोपी नीट करून बसले.

“मी काय करू?”

“काही करायचे नाही, काका. बसायचे.”

“ह्या मी तीस वर्सा केलंय. पगार घेऊन.”

आठ दिवस रोज सकाळी आम्ही तिथे जात होतो. धुके पाण्यावर आडवे पडलेले असे. कधी एखादा बगळा आपल्याच सावलीवरून उडत जाई. पंपाजवळ तीस वर्षे बसून काकांचे कान गेले होते, आता जवळ जाऊन ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. तरी शेवटच्या सकाळी त्यांनी आपण होऊन डोळे मिटले, मान एका बाजूला केली, पूर्वी करत तशी. मी चावी भरून कॅमेरा सोडला. पंचवीस सेकंद त्यांचा चेहरा चौकटीच्या मधोमध होता. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि कोणी काही सांगितल्यासारखी मान हलवली.

मी कानाशी जाऊन विचारले, “काय ऐकलेत?”

“पंप.”

“काय म्हणतो?”

“म्हणता, आता बसतंय.”

मी अकरा वर्षे ज्याच्यासाठी शिकलो होतो ते त्या पंचवीस सेकंदांत मिळाले, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

तुयेच्या शेडचे पत्रे त्या आठवड्यात बदलायला काढले होते. इरावतीबाई परगावी होत्या. मला धीर नव्हता. मी आमच्या घरच्या मोरीला भर दुपारी कांबळी लावून अंधार केला आणि बाटलीच्या पाण्याचे मोठे डबे आणून सोप्यावर मांडले. काका त्या दिवशी आलेले होते. आईने डबे बघितले.

“बांय भरून उदक आसा आनी तूं बाटलीचें हाडटा? लोकांनी कितें म्हणचें?”

“आई, फिल्मला स्वच्छ लागते.”

“आमकां पियेवपाक बरें, तुज्या फिल्माक न्हय?”

काकांना आमचे बोलणे ऐकू गेले नसावे. पण आईच्या हातवाऱ्यांवरून त्यांना विषय कळला. ते उठले, बाल्दी घेतली आणि सरळ बांयवर गेले. कप्पीचा आवाज आला. त्या दिवसापर्यंत त्यांनी तिथे दोरीला हात लावला नव्हता. पहिली बाल्दी माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, “माझ्याच फोटवाक माझ्याच हातचा पाणी. बरा.”

ते पाणी मी कसे नाकारणार होतो? आमच्याकडच्या कोणालाही ते जमले नसते. मी ते दुपदरी कपड्यातून गाळले आणि अंधारात शिरलो. आत कॉफीचा वास, बाहेर कप्पीची कुरकुर, एकामागून एक बाल्दी. मला ती दुपार अजून अधूनमधून स्वप्नात येते. त्यात कप्पी थांबत नाही.

फिल्म सोप्यावर तारेला टांगली तेव्हा दिसले. खाणीची माती पिठाहून बारीक असते, ती कपड्यातून उतरली होती आणि फिल्मवर तांबडे कण बसले होते. फिल्मवर चित्र उलटे असते, काळ्याचे पांढरे. नखाएवढ्या चौकटीत काकांचा काळा चेहरा, आणि त्यावर ते कण, रात्रीच्या आभाळातल्या चांदण्यांसारखे. पण चेहरा होता. डोळे मिटलेले दिसत होते.

मी वाळेपर्यंत थांबायला हवे होते. मी मऊ पंचा घेतला, चिमटीत धरला आणि ओली फिल्म त्यातून ओढली. ते बाळाच्या टाळूचे कातडे निघून आले. चौकटीच्या मधोमध चेहरा होता आणि चिमटीचा जोरही मधोमधच होता. टोपी राहिली, खांदे राहिले, मागचे पाणी राहिले. चेहऱ्याच्या जागी काचेसारखी कोरी फिल्म उरली.

काका बांयवर पाय धूत होते. त्यांनी फोटोचे विचारले, “बरा इला?”

मी मान हलवली.

त्यांना असे ‘हो’ सांगून सिनेमा मी तसाच पूर्ण केला. फिल्मवर जे कोरे ते पडद्यावर काळे, म्हणून त्या पंचवीस सेकंदांत चेहऱ्याच्या जागी एक काळोख हलतो. एका मोठ्या शहरातल्या खेळानंतर एका प्रेक्षकाने विचारले, “या माणसाला चेहरा का नाही?” मी मुळगावच्या शाळेत शिकलेला, इंग्रजीत चाचपडणारा, समोर भरलेले सभागृह. मी म्हणालो, “खाणीने आमची विहीर आटवली. खाण बंद झाली तेव्हा पाणी परत आले. त्या पाण्याने हा चेहरा पुसला.”

सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या सिनेमात गोष्ट नसते म्हणतात. ती एक गोष्ट मी तिथे रचली, आणि लोकांना सिनेमापेक्षा तीच आवडली. पुढे ती माहितीपत्रकात छापली गेली. मग एका वर्तमानपत्रात आली.

त्या दुपारनंतर काकांमध्ये एक बदल झाला होता. रविवारी आले की आधी बांयवर जात, आपल्या हाताने एक कळशी काढत, तोंड धूत आणि मग चहाला बसत. आई त्यांच्यासाठी कळशी घासून काठावर ठेवी. वर्तमानपत्र आल्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाहीत. सुनेने फोनवर सांगितले, गुडघे दुखतात. चार महिने गेले.

आई एवढेच म्हणाली, “गुडगे न्हय. सुनेन पेपर वाचून दाखयला.”

मी त्यांच्या गावी गेलो. काका अंगणात होते. घरात सून, कुंपणाशी शेजारी. त्यांच्याशी काहीही बोलायचे म्हणजे वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलावे लागते. मी काही म्हणायच्या आधी तेच म्हणाले, “दिगू, ती बांय उपसून घी. पाणी वायट आसा ता. आईक सांग, पिऊ नको. मी तेव्हाच म्हटलंय, माझो हात नको.”

मी ओरडून ‘नाही’ म्हणालो. त्यापुढचे ओरडता आले नाही. चहा पिऊन परत आलो आणि त्याच संध्याकाळी पत्र लिहिले. काका चौथी शिकलेले आहेत आणि सावकाश, बोट ठेवून वाचतात. म्हणून अक्षर मोठे काढले. संपादकांच्या आग्रहाने नव्हे, माझ्या आग्रहाने ते इथे देत आहे, कारण खोटे छापले गेले होते, तर खरेही छापले जावे.

सगुणकाका यांस,

दिगूचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. कोणाला वाचायला देऊ नका, मग दिलेत तरी चालेल.

पेपरात आले ते मी सांगितलेले आहे आणि ते खोटे आहे. तुमचा चेहरा पाण्याने पुसला नाही. पाण्यात थोडी माती होती, ती फिल्मवर बसली. पण मातीतूनही तुम्ही दिसत होता. डोळे मिटलेले, मान कललेली. मी ते पाहिले आहे. माझ्याशिवाय कोणी पाहिले नाही, म्हणून मला खोटे बोलता आले. ओल्या फिल्मला हात लावायचा नाही असे मला शिकवले होते. मी थांबलो नाही. पंच्याने घासले आणि तुमचा चेहरा माझ्या हाताने गेला. तुम्ही विचारलेत, बरा इला? मी मान हलवली. ते पहिले खोटे.

तुम्ही मला आठ दिवस थांबायला शिकवलेत. मला आठ मिनिटे थांबता आले नाही.

आता जिथे सिनेमा दाखवतो तिथे हे खरे सांगतो. लोक पूर्वीइतक्या टाळ्या वाजवत नाहीत.

बांयचे पाणी आता नितळ झाले आहे. तळाचा दगड दिसतो. आई तेच पिते, मी तेच पितो. तुमची कळशी आई दर रविवारी घासून काठावर ठेवते आणि सोमवारी आत घेते.

येत्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. खुर्ची तिथेच आहे, तळेही आहे. पुन्हा तुमचा चेहरा घ्यायचा आहे. तुम्ही काही करायचे नाही, बसायचे. धुवायला पाणी आपल्याच बांयचे, आणि ते काढायचे तुम्ही. गाळून मी घेईन. मग तारेला टांगू आणि वाळेपर्यंत आपण दोघे सोप्यावर बसू. मी हात मांडीखाली ठेवीन.

तुमचा,
दिगू